वाचक विचारतात : 18 ते 400 एकाच लेन्समध्ये, पण फोटोचं काय?

या अंकासाठी कॅमेऱ्याबद्दलची जी पत्रं आली त्यातली बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरून राहिली आहेत, ती म्हणजे सुपरझूम. एकच लेन्स लावायची अन मांडवातल्या गर्दीपासून तर पार तलावापलीकडच्या पक्ष्यापर्यंत सगळं तिच्यावरच काढायचं. (लेन्सवरचे 18, 400 हे आकडे म्हणजे मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ, आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ ओढून येते.) आपल्याकडं लेन्स भाड्यानं आणून पाहायची तर नागपूर नाहीतर अमरावती गाठावी लागते, त्यामुळं घेण्याआधी विचारून घेणं बरोबरच आहे. म्हणून यावेळी पूर्ण जागा याच विषयाला दिली.

भाऊ, आर्णी तालुक्यात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. निकॉन डी5600 आहे, सोबत 18-55 अन 70-300 एएफ-पी (नव्या फोकस मोटरवाली). लग्न, बारसं, पोळा, शंकरपट, शाळेचं गॅदरिंग, सगळंच करतो अन एकटाच असतो. लेन्स बदलता बदलता सीन निघून जाते, धूळ घुसते ते वेगळंच. टॅमरॉनची 18-400 घ्याची म्हणतो, पण यूट्यूबवर एक जण म्हणते जबरदस्त आहे, दुसरा म्हणते सॉफ्ट आहे, हात नका लावू. फोटोची क्वालिटी खरंच एवढी पडते का? मले सरळ सांगा, घेऊ का नको?
— एक स्टुडिओवाले वाचक, आर्णी, जि. यवतमाळ

भाऊ, सरळच सांगतो, 400 च्या आकड्यासाठी 18-400 घेऊ नका. तुमच्या कामाला निकॉनची 18-140 बॉडीवर कायमची लावून टाका अन हातातली 70-300 तशीच राहू द्या. आता असं का म्हणतो ते सांगतो, कारण हा पैसा लहान नाही.

पहिलं म्हणजे ते यूट्यूबवाले दोघंही खोटं बोलत नसतील. एकानं ती लेन्स 50-70 च्या आसपास, चांगल्या उजेडात, एफ 8 वर (एफचा आकडा वाढला की अपर्चर, म्हणजे उजेड आत येणारं भोक, लहान होते) वापरली असेल, दुसऱ्यानं 400 वर, संध्याकाळी, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून. सुपरझूमची क्वालिटी अशी एक नसतेच, 18 वर एक, 70 वर दुसरी अन शेवटच्या टोकाला तिसरीच, अन प्रत्येक ठिकाणी मधात वेगळी आणि कोपऱ्यात वेगळी. त्यामुळं कोणी "शार्प आहे" म्हटलं की लगेच विचारायचं, किती फोकल लेंग्थवर, किती अपर्चरवर अन फोटोच्या कोणत्या भागात. हे तीन सांगितल्याशिवाय त्या मताला काही अर्थ नाही.

असं काहून होते? तुमची 18-55 फक्त तीन पट झूम आहे, 70-300 चार पटीच्या थोडी वर. 18-140 जवळपास आठ पट, 18-200 अकरा पट, अन 2017 मध्ये आलेली ही 18-400 तर 22 पट. तिच्या आत 11 गटांमध्ये 16 काचा आहेत, झूम रिंग फिरवली की हे गट मागं-पुढं सरकतात, अन 18 वरचा दोष मारायला जी रचना लागते तीच 400 वर आडवी येते. डिझाइन करणाऱ्याला दोन्ही टोकं थोडी थोडी सोडून द्यावी लागतात. जो बैल बंडीलाही चालते अन डवऱ्यालाही चालते तो शंकरपटात पहिला येत नाही, त्यात बैलाचा काही दोष नसते.

आता दोष दोन जातीचे असतात अन हा फरक मला फार महत्त्वाचा वाटते. काही दोष मागाहून निघतात. 18 वर मांडवाचे खांब बाहेर फुगल्यासारखे दिसतात, थोडं झूम केलं की तेच खांब आत चेपल्यासारखे होतात, कोपरे काळवंडतात, अन पांढऱ्या फेट्याच्या कडेला आभाळ असलं की जांभळी नाहीतर हिरवी रेघ येते. हे सगळं कॅमेऱ्यात किंवा लाइटरूमसारख्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सच्या दोषांची तयार दुरुस्ती) लावलं की बरंच साफ होते, फुकटच्या डार्कटेबलमध्येही होते. फक्त खांब सरळ करताना कोपरे ताणल्या जातात, त्यामुळं तिथला बारीकपणा अजून थोडा कमी होते, हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या जातीचे दोष मात्र कोणत्याच सॉफ्टवेअरनं पूर्ण निघत नाहीत: लांबच्या टोकाचा सॉफ्टपणा, अन लेन्समधून मुळात आतच न आलेला उजेड.

उजेडाचं गणित तुम्हाला रोज लागते. 18-400 लांबच्या टोकाला फारतर एफ 6.3 पर्यंत उघडते, अन एफ 2.8 च्या मानानं एफ 6.3 वर पाच पटीनं कमी उजेड येते. म्हणजे ज्या मांडवात एफ 2.8 वाला आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेते तो आकडा) 1000 वर काम भागवते तिथं तुम्हाला 5000 लागते. अन मंग फोटो फाटला की आपण म्हणतो लेन्स सॉफ्ट आहे, खरं तर बारीक डिटेल नॉइजनं, म्हणजे दाण्यांनी, खाल्लेलं असते. शिवाय या लेन्स लांबच्या टोकाला एफ 8 वर गेल्यावरच साफ होतात, म्हणजे आधीच कमी असलेल्या उजेडातून अजून थोडा सोडायचा. भर उन्हात हे परवडते, लग्नाच्या रात्री नाही. अपर्चर जास्तच बंद केलं, एफ 16 बिफ 16 केलं, तर शार्प व्हायच्या ऐवजी फोटो उलटा मऊ पडते, 24 मेगापिक्सेलच्या या सेन्सरवर एफ 11 च्या पुढं जाण्यात फायदा नाही.

तुमची 70-300 एएफ-पी 300 वर एफ 6.3 च आहे, म्हणजे तिथं 18-400 घेऊन उजेडात तुम्ही काही कमावून नाही राहिले. वजन पाहाल तर 70-300 आहे 415 ग्रॅम अन 18-400 आहे 700 ग्रॅमच्या वर, दिवसभर मानेत घालून हळदीपासून पाठवणीपर्यंत फिराचं आहे. अन 300 वर चार पटीचा झूम 22 पटीवाल्यापेक्षा जास्त साफ राहते. उरलं 300 ते 400 मधलं अंतर, ते 24 मेगापिक्सेलमधून थोडं क्रॉप केलं, म्हणजे कडा कापल्या, तरी भरून निघते.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही नुसते घाबरून जाल. तुमचा फोटो शेवटी कुठं जाते ते पाहा. अल्बमच्या 12 बाय 36 च्या एका शीटवर तुम्ही सात-आठ फोटो बसवता, त्यातला एक साधारण 6 बाय 9 इंच धरा. 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, मोजला तर 1800 बाय 2700 पिक्सेल, पाच मेगापिक्सेलही भरत नाही, अन तुमचा कॅमेरा देते 24. म्हणजे कॉम्प्युटरवर 100 टक्के मोठं करून कोपऱ्यात जो सॉफ्टपणा दिसते तो लॅबच्या छपाईत पार दबून जाते. पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅपवर तर विचारूच नका. खरी परीक्षा असते ती नवरीच्या चेहऱ्याचं पूर्ण 12 बाय 18 चं पान टाकताना, तिथं 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात, म्हणजे 19 मेगापिक्सेल, तिथं लेन्स जशी आहे तशी दिसते. असं पान 400 वर काढलेल्या फोटोचं कोणी टाकत नाही, ते 50 ते 100 च्या मधात काढतात, अन 50 ते 100 मध्ये एफ 8 ला धरून काढलं तर बहुतेक सुपरझूम बरा फोटो देतात. म्हणून तुमच्यासाठी "सुपरझूम वाईट" असं मी म्हणत नाही, "22 पट नको, आठ पट पुरे" असं म्हणून राहिलो.

खानदानाचा ग्रुप फोटो मात्र जपून. जागा कमी म्हणून आपण 18 वर जातो, अन रांगेच्या शेवटी खुर्चीवर बसलेल्या आजीबाईचं तोंड ताणून रुंद होते, डोळ्यांजवळचं डिटेल पुसट होते, अन घरात तोच फोटो फ्रेम होते! चार पावलं मागं सरका, जागा नसेल तर दोन खुर्च्या हलवा, पण 24 ते 35 च्या मधात या अन एफ 8 ठेवा. हे कोणत्याही झूमला लागू आहे पण सुपरझूमच्या कोपऱ्यांना जास्त.

शंकरपटाचं वेगळं. 2021 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी दिल्यावर पट परत भरू लागले अन फोटोवाल्यांना ते काम आलं, चांगलंच झालं. तिथं व्हीआरवर भरवसा ठेवू नका, व्हीआर तुमच्या हाताचा थरथराट थांबवते, धावत्या जोडीचा नाही. शटर 1/1000 सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, एकाच लायनीत कॅमेरा फिरवत या. अन दुपारी 300 वर काढलेला फोटो लोण्यासारखा आला म्हणून लेन्सला शिव्या देऊ नका, ढेकळांच्या तापलेल्या वावरावरून जी हवा लहरत असते ती लांबच्या फोटोत सगळे काठ हलवून टाकते. मे महिन्यात, नवतप्यात तर पाऊण लाखाची लेन्सही तिथं हात टेकते. सकाळी काढा नाहीतर जोडीच्या जवळ उभं राहून 100-150 वर काढा, तुमच्या डोळ्यानं फरक दिसेल. पोळा फुटताना उलट आभाळ भरलेलं असते, तोरणाखाली गर्दी, झडत्या चालू, बैलाची झूल रंगीत पण उजेड मंद, तिथं 18-140 च्या 35-70 मध्ये राहायचं अन आयएसओ 1600 पर्यंत बिनधास्त वाढवायचा.

शेवटी पैशाचा हिशोब. 18-400 च्या किमतीत सेकंडहँड 18-140, एखादी जुनी डी5300 बॉडी अन निकॉनची 35 एफ 1.8 जमते का ते बाजारात विचारा. दोन बॉडी गळ्यात असल्या, एकीवर 18-140 अन दुसरीवर 70-300, तर लेन्स बदलाचं कामच पडत नाही, धूळही नाही, सीनही जात नाही, अन एक बॉडी ऐन मंगलाष्टकात बंद पडली तर दुसरी हाताशी असते. एकट्या माणसाला हे सुपरझूमपेक्षा भारी पडते. फक्त दुसरी बॉडी घेताना डी3200, डी5100 किंवा डी7000 घेऊ नका, तुमची एएफ-पी लेन्स त्यांच्यावर चालणार नाही. अन डी5300 घेतली तर तिचं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आहे का तेही पाहून घ्या.

दादा, परतवाड्यात एकाकडं निकॉनची 18-200 व्हीआर सेकंडहँड मिळून राहिली. दिसायला चकाचक आहे. चिखलदऱ्याला, गाविलगडावर फिरताना एकच लेन्स पाहिजे म्हणून घेतो आहे. तपासायची कशी? त्याच्या दुकानात तर सगळे फोटो चांगलेच आले.
— एक कॉलेजकुमार, अचलपूर, जि. अमरावती

दुकानात सगळे फोटो चांगलेच येतात, कारण तिथं आपण पाच-सहा फुटावरचं काहीतरी काढतो अन कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर पाहतो. ही लेन्स 2005 ची, सुधारलेली दुसरी आवृत्ती 2009 ची, तेव्हा तुमच्या हातात येणारा पीस पंधरा-वीस वर्षं वापरलेला असू शकते. अन सुपरझूममध्ये सरकणारे भाग जास्त, एकदा पडली-आदळली की आतली काच थोडीशी तिरकी बसते, बाहेरून लेन्स चकाचक, पण फोटोची एक बाजू मऊ. फिरायला म्हणून ही लेन्स चुकीची नाही, गडावर चढताना बॅगमध्ये तीन लेन्स कोण घेऊन जाईल, पण हा पीस नीट पाहूनच घ्या.

लेन्स घेऊन दुकानाबाहेर या, सकाळच्या वेळी या. समोर दूरवर सपाट, बारीक रेघांचं काहीतरी शोधा, जिनिंगचं पत्र्याचं लांब शेड, विटांची मोठी भिंत, शाळेची कौलं, असं काहीही. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर ओट्यावर पक्का ठेवा, व्हीआर बंद करा, दोन सेकंदाचा टायमर लावा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) मोठा करून फोकस करा. मंग 18, 35, 70, 135 अन 200 वर प्रत्येकी दोन फोटो, एक अपर्चर पूर्ण उघडं, एक एफ 8. घरी कॉम्प्युटरवर, निदान लॅपटॉपवर, चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहा. चारही कोपरे सारखे थोडे मऊ असले तर ती त्या लेन्सची जात आहे, एफ 8 वर सुधारतील, अन 135 च्या आसपास थोडी सॉफ्ट पडते तीही तिची जुनी ओळख आहे. पण डावा कोपरा काचेसारखा साफ अन उजवा पुसट, आणि एफ 8 वरही तसाच, तर लेन्स परत द्या, भाव कितीही कमी केला तरी. लेन्स उलटी धरून, तोंड खाली करून पाहा, नळी आपोआप घसरून बाहेर येत असेल तर ती या लेन्सची नेहमीची तक्रार आहे, त्यानं फोटो खराब होत नाही पण ट्रायपॉडवर खाली पाहून काढता येत नाही.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. 200 वर ठेवून जवळच्या वस्तूवर, फुलावर, फुलपाखरावर फोकस केला की ही लेन्स 200 सारखी ओढत नाही, बरीच कमी ओढते, 135 च्या जवळपास. दूरच्या डोंगरावर मात्र पूर्ण 200. बिघाड नाही तो, सुपरझूममध्ये असं असतेच, पण जवळचे कीडे-फुलं काढायचे म्हणून घेत असाल तर मन खट्टू होईल.

सर, मी शिक्षिका आहे. आमच्या भागात धानाच्या बांधीत सारस येतात, शाळेच्या मुलांना त्यांचे फोटो दाखवायचे आहेत, शक्य झालं तर भिंतीवर मोठा फोटो लावायचा आहे. निकॉन पी900 सारखा मोठ्या झूमचा कॅमेरा घेऊ की साधा डीएसएलआर अन 18-300? बजेट फार नाही.
— एक शिक्षिका, जि. गोंदिया

ताई, फार आनंद झाला हे पत्र वाचून, सारस आपल्याकडं मुख्यतः गोंदिया अन भंडारा या दोन जिल्ह्यांतच उरला आहे, त्या मुलांना तो नीट दिसला पाहिजे.

पी900 2015 चा, 83 पट झूम, फुल-फ्रेम (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या भाषेत 24 ते 2000 मिमी. आकडा पाहून कोणाचाही जीव जाईल. पण त्याचा सेन्सर फारच लहान आहे, डीएसएलआरच्या एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ त्याच्या जवळपास तेरा पट. मोकळ्या उन्हात, सारस उभा असताना, तो फोटो वर्गातल्या टीव्हीवर छानच दिसेल. सकाळच्या धुक्यात किंवा दिवस बुडताना मात्र पिसं एकमेकांत मिसळून रंग फासल्यासारखी होतात, कारण कॅमेरा नॉइज मारता मारता पिसंही पुसून टाकते. सारस उडाला की छोट्या सेन्सरच्या त्या कॅमेऱ्याचं फोकस मागं राहते.

18-300 घेतली तर 18 चं टोक तुम्ही बांधीवर कधी वापरणार? सारसासाठी तुम्ही पूर्ण वेळ 300 वरच असाल, अन 300 हेच तिचं सगळ्यात कमजोर टोक. ज्या टोकावर आपलं सगळं काम आहे त्याच टोकावर कमजोर असलेली लेन्स का घ्यायची? म्हणून माझा सल्ला, साधी सेकंडहँड डीएसएलआर, किट लेन्स, अन सोबत टेलीझूम (फक्त लांबचं ओढणारी झूम). कॅननमध्ये 55-250 एसटीएम, 375 ग्रॅमची, हलकी अन किमतीच्या मानानं फार साफ, निकॉनमध्ये वर सांगितलेली 70-300 एएफ-पी. पक्षी फ्रेममध्ये लहान येईल, तरी पिसं पिसांसारखी दिसतील, क्रॉप करता येईल, अन भिंतीवरचा दोन-तीन फुटी फोटो चार पावलांवरून मुलं पाहतील तेव्हा चांगलाच दिसेल. सारस माणसाएवढा उंच पक्षी आहे, त्यामुळं छोट्या पाखरांना लागते तेवढी ओढ त्याला लागतही नाही.

फक्त फोटो मोठा यावा म्हणून जवळ जाऊ नका. तो बऱ्याचदा घरटं बांधीतच करते, पावसाळ्यात अंड्यावरून जोडी उठली की अंडी उघडी पडतात. धुऱ्याच्या आडोशानं, ज्यांची बांधी आहे त्या कास्तकाराला विचारून, दूर बसून काढा. त्यालाच पक्ष्याच्या वेळा माहीत असतात.

जी, वडसा भागात झाडीपट्टीच्या नाटकाचे फोटो काढतो. 18-135 आहे. रात्री सगळे फोटो हलतात नाहीतर दाणेदार येतात. 18-200 घेतली तर जवळचे येतील का?
— एक वाचक, देसाईगंज, जि. गडचिरोली

नाही जी, उलट अजून बिघडेल. तुमचा त्रास लांबीचा नाही, उजेडाचा आहे. दिवाळीनंतर तुमच्याकडं रात्र रात्र नाटकं चालतात, स्टेजवर लाल-निळे एलईडी, नट हात हलवून डायलॉग मारते, तिथं 1/200 शटर लागतेच. एफ 1.8 वर ते आयएसओ 1600 ला जमते, तोच फोटो एफ 5.6 वर काढायचा तर आयएसओ 16000 च्या घरात जाते. दाणे त्यातूनच येतात. अन 1/60 वर आणलं तर स्टॅबिलायझर असूनही नट हललेला येईलच.

50 एफ 1.8 घ्या. कॅननची एसटीएम असेल तर 160 ग्रॅमची लेन्स आहे, अन नव्या लेन्समध्ये याहून स्वस्त क्वचितच काही मिळेल. एपीएस-सीवर ती फुल-फ्रेमच्या 75-80 सारखी ओढते. पहिल्या रांगेच्या बाजूला, विंगेकडून थोडं तिरकं बसायला मंडळाकडून परवानगी काढा, अन चेहऱ्यावर पांढरा उजेड पडते त्या क्षणाला दाबा, पूर्ण लाल उजेडात कोणतीच लेन्स चेहरा शार्प दाखवत नाही. तुमची 18-135 विकू नका, मंडईच्या जत्रेतल्या दिवसाच्या गर्दीसाठी ती उत्तमच आहे.

पावसाळ्यात लेन्समध्ये जाळं धरते. माझी सुपरझूम आहे, आत धूळही दिसते. साफ करून घ्यावी का? फोटोवर किती फरक पडते?
— एक वाचक, धारणी, मेळघाट

धूळ अन बुरशी या दोन गोष्टी वेगळ्या समजा. झूम करताना नळी बाहेर येते तेव्हा ती हवा आत ओढते, सोबत कच्च्या रस्त्याची धूळही, अन सुपरझूमची नळी जास्त लांब निघते म्हणून धूळही जास्त. आतले पाच-दहा कण फोटोत दिसत नाहीत, फारतर सूर्य समोर असताना थोडी चमक वाढते. त्यासाठी लेन्स उघडू नका. उघडल्यावर काच परत बरोबर बसली नाही तर वर अचलपूरच्या पत्रात सांगितलं तसं एका बाजूचं शार्पनेस जाते, ते धुळीपेक्षा कितीतरी वाईट.

बुरशी मात्र सोडू नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की फोटोचा कॉन्ट्रास्ट पडते, काळं काळं राहत नाही, राखी होते, अन उशीर केला तर कोटिंग खाल्ल्या जाते, मंग साफ करूनही डाग राहतात. जाणत्या माणसाकडंच द्या, अन देण्याआधी चारही कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा म्हणजे परत आल्यावर ताडता येते. घरी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, सोबत छोटं आर्द्रता मीटर, काटा 40 ते 50 मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरा. तांदूळ टाकू नका, त्याची पूड लेन्सच्या रिंगमध्ये जाते. कॅमेऱ्याच्या चामडी बॅगेत पावसाळाभर लेन्स ठेवणं तर बंदच करा, ओलावा तिथंच धरते.

18-300 ला 1.4 चा टेलिकन्व्हर्टर लावला तर ताडोब्यात वाघ मोठा येईल ना?
— एक वाचक, चिमूर, जि. चंद्रपूर

नाही येणार. बहुतेक सुपरझूमला टेलिकन्व्हर्टर (लेन्स अन बॉडीच्या मधात लागणारी, चित्र मोठं करणारी काच) बसतच नाही. बसवलाच तर एफ 6.3 चं एफ 9 होते, डीएसएलआरचं फोकस तिथं भटकत राहते, अन लेन्सचा जो सॉफ्टपणा आहे तो 1.4 पट मोठा होऊन दिसते. त्यापेक्षा 300 वर, एफ 8 वर, जिप्सीच्या दांड्यावर तांदळाची नाहीतर वाळूची छोटी थैली ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा, गाइडला इंजिन बंद करायला लावा, शटर 1/500 च्या वर ठेवा अन घरी येऊन क्रॉप करा. कोअरला सकाळच्या सफारीत पहिला अर्धा तास उजेड नसते, तेव्हा वाघ आला तर 300 पर्यंत ओढूच नका, 100-150 वर वाघ अन त्याच्या मागचा बांबू दोन्ही घ्या, तिथं लेन्स साफ आहे अन अपर्चरही थोडं मोठं मिळते.